गळाचीही पावती फाडा

सरकारनं आपल्याकडून आणखी एक शुल्क घ्यावं, अशी मागणी पेपरातून करणारा माणूस सोलापुरात शोधून सापडायचा नाही. चार-पाच दिवसांआड येणाऱ्या नळाची पाणीपट्टी वर्षभराची भरून इथला माणूस आधीच टेकीला आलेला असतो. तरीही मी ती मागणी करतो आहे. समुद्रकिनाऱ्यावर उभं राहून निव्वळ हौसेखातर गळ टाकणाऱ्या माझ्यासारख्याला परवाना सक्तीचा करा. त्याचे पैसे घ्या, रीतसर पावती फाडा आणि पावतीच्या मागं नियम छापा.

सोलापूरचा आणि समुद्राचा संबंध काय, असं कुणीही विचारेल. चाटी गल्लीत माझं कापडाचं लहानसं दुकान आहे. लहानपणी सिद्धेश्वर तलावातल्या माशांना चुरमुरे टाकायचे आणि सायकलवरून हिप्परग्याच्या तलावावर जाऊन तिथल्या माशांना गळ टाकायचा, हा दुटप्पीपणा आमच्या पिढीतल्या बऱ्याच पोरांनी केला आहे. देवाच्या तलावातला मासा वेगळा, हिप्परग्याचा वेगळा. पुढं उजनी धरण झालं आणि आमच्या ताटात चिलापी आली. समुद्र फार उशिरा आला. पण आला तो असा की थंडीच्या दिवसांत शुक्रवारी रात्री दुकानाचं शटर खाली ओढलं की आमची गाडी मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरते आणि उजाडायच्या आत रत्नागिरीत असते. साडेतीनशे किलोमीटरच्या पुढचा पल्ला. घरचे म्हणतात, तेवढ्या पेट्रोलच्या पैशात महिनाभर सुरमई आली असती. हिशेब बरोबर आहे, म्हणून त्यावर मी बोलत नाही.

गाडीत आम्ही तिघं. एक चादरीच्या कारखान्यातला, त्याला सगळे अण्णा म्हणतात. दुसरा पंढरपूरकडचा, गळ्यात माळ, मासा खात नाही, शिवत नाही. त्याला का नेता, तर गाडी त्याची आहे. शिवाय भरतीचं गणित त्याच्याइतकं पक्कं कुणाचं नाही, आणि ते तो पंचांगावरून करतो. दाते पंचांग सोलापुरातूनच निघतं, शंभर वर्षं उलटून गेली त्याला. समुद्राचं तोंड न बघितलेल्या या गावात छापलेल्या तिथीवरून भरतीची वेळ काढायची रीत सोपी आहे. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, आली ती वेळ पूर्ण भरतीची. त्यात सहा मिळवले की पूर्ण ओहोटी. चतुर्थीला तीन वाजता, दशमीला साडेसातला, पौर्णिमेला सव्वाअकराला. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून सुरुवात. मोबाइलवरच्या तक्त्यात आणि या पाऊणपटीत थोडाफार फरक पडतो, पण गळ टाकणाऱ्याला तेवढा चालतो. मोबाइलवर दिसत नाही ते माळकरी सांगतो: अष्टमी-नवमीला भांग असतो, पाणी फारसं चढत नाही की उतरत नाही, तेव्हा एवढ्या लांब जायचं नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला ओढ भलती असते, शिसं जागेवर ठरत नाही. मधल्या तिथ्या बऱ्या.

तर मी सांगतोय तो शनिवार दशमीचा. साडेसातच्या भरतीच्या आधीचे दोन तास, पाणी चढतं असताना, खरे कामाचे. पहाटे साडेपाचला भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी, खडकांवर, डोक्याला बॅटरी बांधून उभे. काजळी नदी इथं समुद्राला मिळते. खाडीचं गढूळ पाणी आणि समुद्राचं पाणी जिथं एकमेकांत शिरतं तिथं मासा फिरतो, हे तिथल्या माणसांनी शिकवलं. कोळंबीचं डोकं काढायचं आणि शेपटीकडून गळ आत घालून टोक पोटाशी काढायचं. कोळंबी सरळ बसली पाहिजे, नाहीतर ओढीत ती भोवऱ्यासारखी फिरते आणि तंगूसाला, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोरीला, पीळ पडतो. हातात दिवसभर कापड असलं तरी ओल्या बोटांनी तंगूसाची गाठ मारणं निराळं. गाठ ओढायच्या आधी तिला थुंकी लावावी लागते, कोरडी ओढली की तंगूस तिथंच कमजोर होतो आणि मासा नेमका तिथूनच तोडून नेतो.

खडकातला गोबरा गळाला लागला की सोडवणं हीच एक विद्या आहे. आमिष तोंडात घेतलं की तो सरळ आपल्या कपारीत शिरतो आणि कल्ले फुगवून बसतो. ओढाल तेवढा घट्ट. नवा माणूस काठी वाकवून ताकद लावतो आणि तंगूस तोडून घेतो. जुना माणूस तंगूस चक्क सैल सोडतो आणि बिडी पेटवतो. दोन-चार मिनिटांनी माशाला वाटतं संकट टळलं, तो कल्ले मिटून बाहेर येतो, तेव्हा एका झटक्यात वर घ्यायचा. केंड मात्र कसलीच विद्या चालू देत नाही. दातांनी तंगूसच कुरतडतो आणि वर काढलाच तर फुग्यासारखा फुगून बघत राहतो. खायच्या कामाचा नाही, विषारी.

उजाडल्यावर आजूबाजूचे दिसायला लागले. आमच्यासारखेच घाटावरून आलेले, नव्याकोऱ्या काठ्या, रंगीत रिळं, मोबाइलवर गाणी. हल्ली शनिवार-रविवारी ही गर्दी वाढतच चालली आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही, मीही तिच्यातलाच. तक्रार बादलीची आहे. शेजारच्या टोळक्याच्या बादलीत तळहातापेक्षा लहान गोबरे होते, आणि बोटभर लांबीच्या तांबोश्या, डझनाच्या वर. कुणी म्हणालं, तळायला बरे पडतात. खडकावर हातदोरा घेऊन बसलेला तिथला एक म्हातारा बराच वेळ बघत होता. एवढंच म्हणाला, "पोरं हायत ती. सोडा त्यांना." पोरांनी ऐकलं आणि हसून पुढचा गळ टाकला. म्हातारा पुन्हा बोलला नाही. बोलून करणार काय? त्याच्या हातात कसला कागद आहे? आणि त्या पोरांनी मोडला तो नियम तरी कुठला?

इथंच गोम आहे. मासेमारीचा आपला कायदा, महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ चा. २०२१ मध्ये त्यात सुधारणा होऊन दंड वाढले. पर्ससीन जाळ्यांवर २०१६ पासून निर्बंध आहेत, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर २०१७ मध्ये केंद्रानं बंदी घातली. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक बोटी बंदराला बांधलेल्या असतात. २०२३ मध्ये राज्यानं ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला: पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. याहून लहान पकडायचा नाही. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा केलं, तेही तो कमी होत चालला म्हणूनच. हे नियम समुद्रात किती पाळले जातात हा वेगळा लेख होईल, आणि तो लिहायला मालवणचे रापणकर माझ्यापेक्षा जास्त लायक आहेत. पण निदान नियम आहेत. त्यांचा सगळा रोख बोट आणि जाळं यांच्यावर. काठी आणि गळ घेऊन खडकावर उभा असलेला हौशी माणूस या चित्रात कुठंच नाही. बंदरांवर किती मासा उतरला याची मोजदाद केंद्राची संस्था, सीएमएफआरआय, वर्षानुवर्षं करते. आमच्या बादल्यांतला मासा त्या आकड्यांत येत नाही.

येऊन येऊन किती येणार, असं म्हणणाऱ्यांनी थोडं जीवशास्त्र ऐकावं. तांबोशी लहानपणी खाडीत, कांदळवनाच्या मुळांत राहते आणि मोठी झाली की बाहेर खोल पाण्यात जाते. म्हणजे खाडीच्या तोंडाशी गळाला लागणारी तांबोशी बहुतेक करून अजून अंडी न घातलेली पोर असते. बोटवाला मोठी तांबोशी बाहेर पकडतो, ती इथून सुटून गेलेली असते म्हणून. गोबऱ्याची तऱ्हा आणखी न्यारी. तो जन्मतो मादी म्हणून आणि वाढून बराच मोठा झाल्यावर त्यातला एखादा नर होतो. जिताड्याचं उलट, आधी नर आणि मोठा झाला की मादी. म्हणजे गोबऱ्यातले मोठे संपवले की नर संपले आणि जिताड्यातले मोठे संपवले की माद्या संपल्या. फोटोसाठी आम्हाला नेमके मोठे हवे असतात, आणि तळायला लहान. मधलेच तेवढे वाचतात, तेही आमच्या अंगात कौशल्य नाही म्हणून.

आणि हे सगळं सोलापूरच्या माणसाला मी सांगायची गरज पडू नये. उजनी आपल्या डोळ्यांसमोर आहे. १९८० साली पूर्ण झालेलं धरण, ११७ टीएमसीचा साठा, माढा-करमाळ्यापासून इंदापूर-दौंडापर्यंत पसरलेलं पाणी. भीमेच्या काठच्या भोई समाजाची आणि धरणानं जमिनी गेलेल्या कित्येक घरांची चूल त्या पाण्यावर पेटते. त्याच पाण्यात बारीक आसाची वडाप जाळी आली, कटला-रोहूचं बोटभर पिल्लू जाळ्यात यायला लागलं, आणि मग बीज सोडा, बीज सोडा म्हणून मच्छीमारांवरच मोर्चे काढायची पाळी आली. जाळं बारीक झालं तेव्हा तळ्यात मासा भरपूर होता. म्हणूनच कुणाला काही वाटलं नाही.

रविवारी एकादशी. सव्वाआठची भरती. पंढरपूरच्या जिल्ह्यातला माणूस एकादशीला गळ टाकतो म्हटल्यावर माळकऱ्यानं गाडीची किल्ली खिशात घातली आणि अट घातली: आज जे लागेल ते पाण्यात परत. अण्णा कुरकुरला, पण किल्ली माळकऱ्याकडं होती. मी पक्कड काढून गळांचे उलटे काटे चेपून टाकले, म्हणजे मासा सोडवताना जबडा फाटत नाही. हात ओले करून धरायचा, कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि पाण्यात गेल्यावर त्याला रोग धरतो. पालू लागले, एक-दोन गोबरे, एक शिंगाळा, त्याचे काटे बघूनच अण्णानं तंगूस कापला. सगळे गेले परत. मजा तीच होती, काठीला धक्का बसतो तेव्हाची. तिच्यासाठीच तर एवढ्या लांब येतो. माशाचं जेवण खानावळीत मिळतंच, आणि तिथला मासा आमच्यापेक्षा चांगल्या माणसानं पकडलेला असतो. (एकादशी असल्यानं ते जेवण शनिवारीच उरकलं होतं, हे माळकऱ्याच्या समाधानासाठी नोंदवतो.)

परवाना ही कल्पना काही माझी नाही. हिमाचलात ट्राउटला गळ टाकायचा तर मत्स्य विभागाचा परवाना काढावा लागतो, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी, माशाच्या विणीच्या काळात, ते बंद असतं. दक्षिण आफ्रिकेत किनाऱ्यावरून हौसेचा गळ टाकायचा परवाना पोस्टात मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात हौशी माणसाकडून शुल्क घेतात आणि तो पैसा वेगळ्या निधीत ठेवून मासेमारीच्याच कामाला लावतात. इंग्लंडमध्ये समुद्राच्या किनाऱ्यावरून गळ टाकायला परवाना लागत नाही, तरी ठरावीक माशांना आकाराची आणि संख्येची मर्यादा आहे. गळाला बांधायच्या लहान शिशांवरही तिथं १९८७ पासून बंदी आहे, कारण ती गिळून हंस मरत होते. आमचं शिसं भाट्याच्या खडकांत किती अडकून पडलं आहे ते ओहोटीला जाऊन बघा. आणि तंगूस. खडकाच्या प्रत्येक फटीत तुटलेल्या तंगूसाचे गुंते, त्यात अडकलेले खेकडे. कापडवाल्याला एक कळतं, सुती धागा कुजतो, नायलॉन कुजत नाही.

अण्णाला ही पावतीची गोष्ट सांगितली तेव्हा तो म्हणाला, "का बे, अजून एक साहेब तयार करतो का? खडकावर येऊन शंभर मागायला?" हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्याकडं परवाना म्हटलं की त्याच्यामागं चिरीमिरी आलीच. म्हणून तपासनीस किनाऱ्यावर फिरवण्यापेक्षा परवाना मिळण्याची जागा सोपी करावी. मोबाइलवर मिळावा, पोस्टात मिळावा, आणि मुख्य म्हणजे जो आम्हाला कोळंबी आणि गळ विकतो त्याच्या टपरीवर मिळावा. किनाऱ्यावर कोण आलं, कुठून आलं, काय घेऊन गेलं, हे त्या टपरीवाल्याइतकं कुठल्याच खात्याला माहीत नसतं. कोळंबी देताना त्यानं पावती मागितली तरी अर्धं काम होतं. प्रत्येक पावतीमागं त्याला चार पैसे सुटले तर उरलेलं अर्धंही होईल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर. हा नियम उद्या त्या हातदोरावाल्या म्हाताऱ्यावरच उलटला तर? ओहोटीला वाकून कालवं काढणाऱ्या बायकांवर उलटला तर? नियम कडक झाला की आधी तो गरिबाला लागतो, हे आपण कितीदा तरी बघितलं आहे. त्यामुळं सवलत आधी लिहावी आणि शुल्क नंतर. किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतीत राहणारा, मच्छीमार सोसायटीचा सभासद असलेला, घरच्या कालवणापुरतं धरणारा माणूस, यांना परवाना नाही, शुल्क नाही, विचारणाही नाही. जो गाडी करून येतो, लॉजवर उतरतो, हौस म्हणून काठी टाकतो, त्यालाच फक्त ही पावती. मला परवडतं. न परवडणारा माणूस एवढ्या लांब गळ टाकायला येत नाही. आणि तो पैसा मुंबईच्या तिजोरीत जाऊन हरवू नये, ज्या गावच्या खडकावर आम्ही उभे राहतो त्या गावात राहावा: तंगूस टाकायला एक पिंप, खडकांजवळ एक दोर आणि हवेनं भरलेलं एक कडं, धोक्याच्या जागी एक पाटी. घाटावरची पोरं लाटेनं ओढून नेल्याची बातमी दर पावसाळ्यात येते, आणि तेव्हा उडी मारणारा नेहमी तिथला कोळीच असतो.

पावसाळ्याचं तर वेगळंच आहे. बोटी बांधलेल्या असतात, कोळी घरात जाळी विणत बसलेले असतात, आणि त्याच दोन महिन्यांत हौशी मंडळी छत्र्या घेऊन खाड्यांवर गर्दी करतात. माशाच्या विणीसाठी बोटवाल्यानं पोटाला चिमटा काढायचा आणि आम्ही त्याच्या समोर उभं राहून मौज करायची, यात कायदा मोडत नसेल, लाज मात्र मोडते. १ जून ते ३१ जुलै आमच्याही काठ्या बंद, ही परवान्याची पहिली अट असावी.

सुरुवात करायला रत्नागिरीइतकी सोयीची जागा नाही. शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. तिथल्या मुलांना थंडीचे चार महिने शनिवार-रविवारी भाट्ये, मांडवी, मिऱ्या इथं फूटपट्टी घेऊन बसवावं आणि आमच्या बादल्या मोजायला लावाव्यात. कुठला मासा, किती लांब, किती सोडले, किती नेले. त्या आकड्यांवरून गोबऱ्याला आणि तांबोशीला वरची-खालची मर्यादा ठरवता येईल, माझ्यासारख्या कापडवाल्याच्या अंदाजावरून नाही. मुलांना बादली दाखवायला कुणी नाही म्हणणार नाही. गळवाल्याला आपला मासा दुसऱ्याला दाखवायची भारी हौस असते.

पावतीच्या कडेला सेंटिमीटरची पट्टी छापलेली असावी, म्हणजे मासा तिथंच मापता येईल, आणि कागद भिजला तरी टिकणारा असावा. शुल्क किती, यावर मात्र गाडीत परत येताना सांगोल्यापर्यंत एकमत झालं नाही. मी वर्षाला पाचशे म्हटलं. अण्णा दोनशेच्या वर जायला तयार नव्हता, आणि तेही टपरीवाल्यानं पावतीबरोबर एक वाटा कोळंबी दिली तर. माळकऱ्याचं म्हणणं, पकडून सोडणाऱ्याला फुकट द्या आणि नेणाऱ्याकडून हजार घ्या.